कुठला एकवीस?

आमच्या कारखान्याच्या गेटवर एक पाटी होती. बाहेरून येणाऱ्याला ती दिसायची नाही, आतून बाहेर पडणाऱ्यालाच दिसायची. पांढऱ्या चुन्यावर लाल अक्षरं: ‘गेटबाहेर आपले नंबर चालत नाहीत.’ नवा माणूस वाचून बुचकळ्यात पडायचा. माल भरून निघालेले ट्रक ड्रायव्हर ती मोठ्यानं वाचायचे आणि हसायचे. बऱ्याच जणांचा समज असा, की पाटी मटक्याबद्दल आहे आणि आमचे मालक भलतेच सोवळे आहेत.

पाटी मालकांची नव्हती, आमच्या टेलिफोनच्या साहेबांची होती. स्टुलावर उभं राहून त्यांनी ती स्वतः रंगवली होती आणि दर दिवाळीला तिला नवा हात द्यायचे. मी त्यांच्या हाताखाली ऑपरेटर होते. कोल्हापूरच्या माणसाला कुणाचं कौतुक करायचं तर आधी चार शिव्या घालाव्या लागतात, म्हणून त्या घालून टाकते. इतका हेकट, इतक्या मोठ्या आवाजाचा आणि चहात इतकी साखर घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. समोरच्याला टेलिफोनची गरजच पडू नये असं ते टेलिफोनवर बोलायचे. आणि त्यांच्या हाताखाली काम केल्याचा मला आजही भारी अभिमान आहे.

साहेब मूळचे गडहिंग्लजच्या बाजूचे, लिंगायत. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात खाकी शर्ट, खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. बेळगावला विजेचं शिक्षण झालेलं. एरवी बोलणं रांगडं कोल्हापुरी, राग आला की कानडी. सगळं खातं त्यांना घाबरायचं, पण त्यांच्या कानडीला जास्त, कारण काय शिवी दिली ते कळायचं नाही.

मुलाखतीला मी गेले ती इंग्रजी उच्चारांची जय्यत तयारी करून. वडील शाळामास्तर, मुलगी पदवीधर. कारखान्यात नोकरी म्हटल्यावर घरात आधीच कुरकुर झालेली. साहेबांनी इंग्रजीचा एक शब्द विचारला नाही. त्यांनी विचारलं, “घरात तुमाला काय म्हंत्यात?”

“बेबी,” मी कसंबसं म्हणाले.

“आनि भाईर कुनी बेबी म्हनलं तर?”

“मला आवडत नाही. मी ओच देत नाही.”

साहेबांनी टेबलावर अशी थाप मारली की कप हलला. “पास! हिला कळलं. घरातला नंबर घरात!”

मला काहीच कळलं नव्हतं. शेजारी जुन्या ऑपरेटर बाई बसल्या होत्या, त्यांना सगळे अक्का म्हणत. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या दिवसापासून साहेब मला तंगी म्हणू लागले. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. बेबी मात्र त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

आमचा कारखाना शेतीच्या इंजिनांचा. जुना भाग उद्यमनगरात, तिथंच हेड ऑफिस. लोखंड ओतायची नवी फौंड्री पंचगंगेच्या पलीकडं शिरोलीला, उसाच्या फडांना लागून. मी आणि अक्का शिरोलीत. दोन्हीकडं टेलिफोनचा स्वतंत्र बोर्ड होता. बोर्ड म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. कपाटाएवढा लाकडी सांगाडा, त्यात भोकांच्या रांगा, पुढं दोऱ्या. शेडमध्ये कुणी फोन उचलला की आमच्यासमोर एक बारकी झडप पडायची. आम्ही म्हणायचं, “नंबर प्लीज?” त्यानं म्हणायचं, “एकतीस.” आम्ही दोरीचं टोक एकतीसच्या भोकात खुपसलं की तो भट्टीच्या फोरमनशी बोलायला मोकळा. दोन्ही बोर्डांना जोडणारी एक तार होती, ती खांबांवरून नदी ओलांडून यायची. तिला आम्ही पलीकडची लाइन म्हणायचो.

नंबर सगळे दोन आकडी, आणि त्यात साहेबांची एक खोड होती. दोन्ही कारखान्यांत एका कामाला एकच नंबर. एकवीस म्हणजे औषधाची खोली, उद्यमनगरातही आणि शिरोलीतही. सत्तावीस म्हणजे सुटे भाग, दोन्हीकडं. लोक म्हणायचे, हा गोंधळ झाला. साहेब म्हणायचे, “मानूस हितनं तिकडं बदलून गेला तर त्यानं काय नंबर पाठ करत बसायचं? बोट कापलं की एकवीस. जितं कापलं तितला एकवीस. कळवळनारा मानूस इचार करत न्हाय.”

हे दोन आकडे कारखान्यात लोकांच्या जिभेवर असे बसले होते की बाहेरच्या जगालाही ते ठाऊक असतील असं वाटू लागलं. पाटी लागली ती त्यातूनच.

हेड ऑफिसात कुणीतरी नवं हँडबिल छापून घेतलं. इंजिनाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत ‘सुट्या भागांसाठी फोन २७’. बस्स, एवढंच. त्या बिचाऱ्याला उठता-बसता सत्तावीस मागून मिळायचं, त्याला वाटलं सगळ्या जिल्ह्याला मिळेल. हँडबिलं गावोगाव गेली. कोडोलीला तेव्हा लहानसं एक्स्चेंज होतं आणि तिथले नंबरही दोन आकडीच होते. कोडोलीच्या शेतकऱ्यानं फोन उचलून सत्तावीस मागितला की तिथला ऑपरेटर इमानानं कोडोलीचा सत्तावीस जोडून द्यायचा. तो होता एका पिठाच्या गिरणीवाल्याचा.

गिरणीवाला एक दिवस एसटीनं थेट शिरोलीच्या गेटवर. भुवयांवर पीठ तसंच.

“टेलिफोनचा सायेब कोन हाय? काडा त्येला भाईर!”

साहेब बाहेर आले. “मीच. बोला पावणं.”

“काय बोलू? माज्या गिरनीत लोक इंजिनाचं नोजल मागाय लागल्यात! काल एकजन म्हनला, इंजिन काळा धूर सोडतंय, काय करू? मी म्हनलं, जुंधळं घिऊन ये, दळून देतो!”

आम्ही खिडकीत उभ्या राहून हसत होतो. साहेब हसले नाहीत. त्यांनी गिरणीवाल्याला खुर्ची दिली, त्याच्या चहात आपल्या हातानं साखर घातली आणि म्हणाले, “पावणं, तुमचा सत्तावीस खरा. आमचा बी खरा. पर आमचं पोरगं घर सोडून तुमच्या गावात हिंडाय लागलंय. चूक आमची हाय.”

“मग घरात घ्या की त्येला!”

“घेतो. तवर लोक आलं तर काय सांगशीला?”

गिरणीवाल्यानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली, विचार केला. “मागत्यातच तर ठिवतो की चार नोजल गिरनीत. द्या.”

तो पुढं कित्येक वर्षं कोडोलीचा आमचा एजंट होता. एका बाजूला चक्की, दुसऱ्या बाजूला नोजल आणि पिस्टनच्या रिंगा. साहेबांनी हेड ऑफिसात जाऊन हँडबिलं नव्यानं छापायला लावली, गावाचं नाव आणि शहरातला पूर्ण नंबर घालून. आणि त्याच आठवड्यात चुन्याची बादली घेऊन ते गेटवर चढले.

हाच नियम साहेबांच्या घराच्या पत्त्यालाही लागू होता. गंगावेशीजवळ एका गल्लीत राहायचे. पत्ता विचारला तर गल्लीच्या तोंडापर्यंत सांगायचे, आणि मग, “म्होरं गल्लीला इचारा. तिला ठावं हाय.” त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या आधी मी आणि अक्का गेलो. गल्लीत विचारलं, टेलिफोनचे साहेब कुठं राहतात? कुणालाच माहीत नाही. एक म्हातारा उलट आमचीच चौकशी करू लागला. शेवटी एक पोरगं म्हणालं, “म्हशीचं अण्णा व्हय? ते काय.” साहेब परड्यात म्हशीची धार काढत बसले होते, गुडघ्यात चरवी धरून. त्या गल्लीत त्यांना टेलिफोनशी जोडून ओळखणारं कुणी नव्हतं. त्यांची म्हैस मात्र सगळ्यांना माहीत होती.

“एवढे मोठे साहेब तुम्ही, आणि गल्लीत कुणाला नाव ठाऊक नाही?” अक्कांनी विचारलं.

“गल्लीत टेलिफोन कुटं चालतोय अक्का? हितं म्हस चालती,” साहेब म्हणाले. आणि आम्हा दोघींच्या हातात धारोष्ण दुधाचे पेले ठेवले.

आता ती वाईट गोष्ट, जी मला सांगायला आवडत नाही. दोन्ही कारखान्यांना मिळून डॉक्टर एकच होते. सकाळी इकडं, दुपारी तिकडं. एका दुपारी शिरोलीत एका मोल्डरचा, म्हणजे साचे भरणाऱ्याचा, हात भाजला. आमच्या औषधाच्या खोलीतल्या कंपाउंडरनं हेड ऑफिसला फोन करून तिथल्या कारकुनाला निरोप दिला, “डॉक्टरांना म्हनावं, एकवीसवर लगीच या.” कारकुनानं निरोप शब्दाला शब्द पोचवला. डॉक्टर उठले आणि दहा पावलांवरच्या उद्यमनगरच्या एकवीसमध्ये जाऊन बसले. पेशंट आणतायत म्हणून वाट बघत राहिले. इकडं हा मोल्डर हात पाण्याच्या बादलीत घालून डॉक्टरांची वाट बघतोय. निरोपात कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी आळस केला नव्हता. एकवीस तेवढा नदी ओलांडून गेला आणि पलीकडं गेल्यावर दुसराच झाला.

हात वाचला, पण एक बोट कायमचं ताठ राहिलं. साहेब त्या मोल्डरच्या घरी गेले. काय बोलले ते कुणाला माहीत नाही. परत आले ते बोर्डाच्या खोलीत उभे राहिले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “चूक माजी हाय. आत एकवीस म्हनलं तर पुरं. पर नदीवरनं जानारा नंबर आपल्या गावाचं नाव घिऊनच गेला पायजे. इसरून म्हनला तर आपन इचारायचं. कुटला? दोन्ही काठावर इचारायचं. मालक असू दे न्हायतर देव असू दे.”

तेव्हापासून पलीकडच्या लाइनवर कुणी नुसता आकडा सांगितला, की आम्ही “कुठला?” म्हटल्याशिवाय दोरीला हात लावायचो नाही. आणि आतल्याआत कुणी मागितला तर एक शब्द विचारायचा नाही, दोरी लावून मोकळं व्हायचं. हा फरक जिच्या डोक्यात शिरला नाही ती साहेबांच्या बोर्डावर टिकली नाही. कारखान्यात त्यांना कुठलासाहेब असं नाव पडलं. चहाला कुणी हाक मारली तरी पोरं ओरडायची, “कुटला च्या?” साहेबांना कळायचं. त्यांना ते आवडायचं असा माझा संशय आहे.

मग पुण्याहून नवे जनरल मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता; नीटनेटका, सरळ, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. पण “कुठला?” या प्रश्नाचा त्यांना मनापासून तिटकारा. “मी जनरल मॅनेजर बोलतोय,” एवढंच उत्तर ते द्यायचे, जणू तेही एक गाव आहे. त्यांनी हेड ऑफिसात नवं स्वयंचलित एक्स्चेंज आणवलं. दोन्ही कारखान्यांना तीन आकडी नंबर, कुठलाही नंबर दोनदा नाही. शिरोलीचे सगळे फोन जाड केबलनं पुलावरून थेट हेड ऑफिसला जोडायचे. शिरोलीचा बोर्ड भंगारात.

बैठक शिरोलीत झाली. सगळे फोरमन होते. साहेब मला आणि अक्कांनाही घेऊन गेले. “बोर्ड ह्या चालवत्यात. ह्यांनी बी ऐकू दे,” म्हणाले.

“दोन-दोन एकवीस हवेतच कशाला?” जनरल मॅनेजर म्हणाले. “त्यापायी एका माणसाचं बोट कामातून गेलं. एक नंबर, एक जागा. कुठूनही मागा, तिथंच लागेल.”

“सायेब, घरी तुमाला काय म्हंत्यात?”

जनरल मॅनेजर गोंधळले. “बापू.”

“आमच्या भट्टीवर बी एक बापू हाय. तुमच्या आईनं सैपाकघरातनं हाक मारताना आडनाव, गाव, तालुका लावून मारायची व्हय?”

सगळे हसले. जनरल मॅनेजरही हसले. पण माणूस हुशार होता. “आणि आईनं भर बाजारात बापू म्हणून हाक मारली, आणि दहा बापूंनी मान वळवली तर?”

“बाजारात आडनाव लावायचं! त्येच तर आमी इचारतोय न्हवं, कुटला म्हनून!” साहेबांचा आवाज चढला. “पर तुमच्या नव्या यंत्रात हितल्या पंपवाल्याला हितल्या भट्टीशी बोलायचं झालं, तर त्येचा आवाज पुलावरनं हेड ऑफिसात जानार, आनि फिरून पुलावरनं हितं येनार. शेजारनीकडं इरजन मागाय नदी वलांडून जायचं?”

“केबल नवी आहे. यंत्र नवं आहे.”

“नदी जुनी हाय, सायेब.”

जनरल मॅनेजरांनी चष्मा पुसला. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पावसाळा संपेपर्यंत दोन्ही राहू दे. तोवर तुमच्या बोर्डाचा एकदा तरी खरा उपयोग झाला, तर मी शब्द मागं घेईन. नाही झाला, तर दसऱ्याला तुम्ही स्वतःच्या हातानं तो उतरवायचा.”

“कबूल,” साहेब म्हणाले.

बोलून गेले ते, पण काळजी आम्हाला लागली. बोर्ड उतरला की शिरोलीला ऑपरेटर कशाला हव्यात? अक्कांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, घर त्यांच्या पगारावर चालायचं. माझं तर सोपं होतं. नोकरी सुटली रे सुटली की घरचे मला बोहल्यावर उभं करायला टपलेलेच होते. आणि साहेबांचं काय, ते आम्हाला दिसत होतं. ज्या बोर्डातलं एकेक भोक त्यांनी हातानं जोडलं होतं, तो त्यांनाच उचकटायचा होता.

नवे फोन आले. काळे, चकचकीत, तबकडीचे. प्रत्येक शेडमध्ये जुन्या फोनशेजारी नवा बसला. लोकांना मजा वाटायची, सगळे नवाच फोन फिरवायचे. आमच्या झडपा पडेनात. अक्कांनी स्वेटर विणायला घेतला. साहेबांनी मात्र एक नवंच काम काढलं. रोज सकाळी आल्याबरोबर आम्ही बोर्डावरून एकेका शेडला फोन करायचा आणि विचारायचं, “आहात का?” तिकडच्यानं म्हणायचं, “आहे.” की पुढचा नंबर. रिकामटेकडेपणाचा हा कळस होता आणि लोक आम्हाला तसं तोंडावर सांगायचे. भट्टीचा फोरमन म्हणायचा, “हाय बाई, अजून जित्ता हाय. तुमच्या सायबाला सांगा, मेलो तर मीच फोन करतो.” पण एखाद्या सकाळी एखादा फोन गप्प लागला, की साहेब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धावत जायचे आणि तो बोलता करूनच चहा घ्यायचे.

श्रावण लागला आणि पंचगंगा पात्राबाहेर आली. कोल्हापूरकराला त्याचं नवल नाही. पाणी बघायला लोक बायका-पोरांना घेऊन जातात. पण त्या वर्षी ती उतरायचं नावच घेईना. एका सकाळी आम्ही कामावर पोचलो आणि आमच्या मागं हायवेवर पाणी आलं. शिरोली एकीकडं, कोल्हापूर दुसरीकडं. दुपारी पुलाच्या तोंडाशी असलेले खांब आडवे झाले; केबलही तिथवर त्याच खांबांवरून जायची. नवी केबल आणि आमची पलीकडची लाइन, दोन्ही एकदमच गेल्या. सगळ्या शेडांमधले ते काळे चकचकीत फोन मुके झाले. केवळ हेड ऑफिसशीच नव्हे, शेजारच्या शेडशीही.

भट्टी तेव्हा पेटलेली होती. कांडीकोळसा, लोखंड, खाली वितळलेला रस. तो ओतायची वेळ झाली होती. भट्टीसमोर खोलगट खड्डा होता, त्यात साचे मांडलेले, कडेला माणसं उभी. आणि पंपहाऊस कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला. तिथल्या पंपवाल्यानं बघितलं, गटाराचं पाणी उलटं फिरलंय आणि चर भरत भट्टीच्या खड्ड्याकडं निघालंय. तापलेला रस पाण्यावर पडला तर काय होतं ते फौंड्रीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. तोफ उडते, आणि समोर जो असेल तो राहत नाही. मध्ये चिखल, पाऊस आणि भट्टीच्या पंख्याचा असा आवाज की हाका मारून उपयोग शून्य.

पंपवाल्यानं आधी नवा फोन उचलला. तो गप्प. मग जुना.

माझ्यासमोर झडप पडली.

“नंबर प्लीज?”

“एकतीस! एकतीस!”

मी काही विचारलं नाही. आत कुठला विचारायचं नसतं. दोरी लावली, घंटी फिरवली, आणि कानात फोरमनचा आवाज आला. तो नेहमीसारखा चेष्टेतच म्हणाला, “हाय की बाई, जित्ता हाय.” मग पंपवाला ओरडला, “फोरमन, रस सोडू नगा! खड्ड्यात पानी येतंय!”

फोरमननं फोन खाली ठेवला नाही, तो तसाच लोंबत राहिला. त्यातून मी सगळं ऐकलं. पंखा बंद झाला. माणसं वर पळाली. त्यांनी वरच्या अंगाच्या कोरड्या वाळूत चारी काढली आणि रस खड्ड्याऐवजी तिकडं सोडला; साचे गेले, दिवसाचं लोखंड वाया गेलं. थोड्या वेळानं चरातून पाणी रिकाम्या खड्ड्यात उतरलं आणि शांतपणे भरत गेलं. साहेब माझ्या खुर्चीमागं उभे होते. खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. असं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

पाणी उतरेपर्यंत आम्ही सगळे कारखान्यातच अडकलो. जगाशी आमचा काही संबंध नव्हता, पण आमचा आमच्याशी होता. कँटीनमध्ये भात झाला की कँटीनचा फोन, गेटवर पाणी चढलं की गेटचा फोन, एका शेडमध्ये कुणाला ताप आला की एकवीस. झडपा अशा पडत होत्या की अक्कांच्या स्वेटरचे टाके सुटून गेले. तो एक लाकडी सांगाडा आणि आम्ही दोघी, आणि त्यावर सगळी शिरोली उभी होती. मी त्या खुर्चीत ताठ बसले होते, आणि माझ्या वडिलांनी मला तेव्हा बघायला हवं होतं असं मला फार वाटलं.

पाणी ओसरल्यावर साहेबांच्या माणसांनी कमरेएवढ्या चिखलातून खांब उभे केले. जाड केबल जोडायला पुण्याहून माणसं यायची होती. आमच्या पलीकडच्या लाइनच्या दोन तारा मात्र साहेबांनी स्वतः पिळल्या, खोलीत आले, आणि चहात साखर घालून ढवळत खिडकीशी उभे राहिले. तेवढ्यात झडप पडली. पलीकडची लाइन.

“नंबर प्लीज?”

“एकवीस.”

आवाज जनरल मॅनेजरांचा होता. मी मागं पाहिलं. साहेबांचा चमचा कपातच थांबला होता. ते माझ्याकडं बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. अक्कांनी देवाला करतात तसे हात जोडले.

“कुठला?” मी विचारलं.

‘मी जनरल मॅनेजर बोलतोय’ हेच ऐकायची मी तयारी ठेवली. पण आवाज आला तो दमलेला, नेहमीचा साहेबी नव्हे. “शिरोलीचा. शिरोलीचा एकवीस द्या, बाई. आपली किती माणसं तिथं पडली आहेत ते मला एकदा कळू दे.”

मी दोरी लावली. कान काढून घ्यायचा नियम होता. मी नाही काढला.

“एकवीसमध्ये कोन बी न्हाय, सायेब,” आमचा कंपाउंडर म्हणाला. “खाटा मोकळ्या हायत. समदी मानसं जेवाय बसल्यात.”

जनरल मॅनेजरांनी मोठा श्वास सोडला, तो तारेवरून मला ऐकू आला. कंपाउंडरनं फोन ठेवल्यावर ते म्हणाले, “ऑपरेटर, आहात का?”

“आहे,” मी म्हणाले.

“तुमच्या साहेबांना सांगा, बोर्ड दसऱ्याला उतरवायचा नाही. त्याची पूजा करायची. हार घेऊन मी येतो.”

मी दोरी काढली. साहेबांना शब्दाला शब्द निरोप सांगितला. बोर्डाची दसऱ्याला पूजा करायची.

साहेबांनी चहाचा कप खिडकीत ठेवला. डोळ्यांवरून खाकी बाही फिरवली. आणि वळून, अगदी नेहमीच्या त्या खणखणीत आवाजात विचारलं, “कुटल्या बोर्डाची?”

“आपल्या, साहेब,” मी म्हणाले. “शिरोलीच्या.”